गोंड्याच्या केसांची लांबी

४ फेब्रुवारी, मंगळवार

घोंगडं! अक्षरशः घोंगडं निघालं खाली!

दुकानातून आले, गोंड्याला उचलायला गेले तर कळवळून ओरडला. दात दाखवले मला. मला! ज्या कुत्र्याने आजवर माशीवर दात विचकले नाहीत त्याने! पुढच्या पायाखाली बगलेत बोटं घातली तर आत जाईनात. वरून केस कसे रेशमासारखे मोकळे, आणि खाली कातडीला धरून एकच एक जाड थर. कानामागे तेच. मांड्यांच्या आत तेच. ओढून ओढून बगल लालबुंद झालीय पोराची.

आणि ताई रोज तासभर त्याला विंचरते! खुर्चीत बसून, मांडीवर टॉवेल घालून, राणीसारखी. "याला तू हात लावायचा नाहीस, तुझा हात जड आहे" — तो घरी आला त्याच दिवशी फर्मान निघालं होतं. फिरवायचं मी, घाण उचलायची मी, डॉक्टरकडे न्यायचं मी. विंचरायचं तिने. रस्त्यात लोक थांबून "काय सुंदर केस हो!" म्हणतात ना, ते विंचरणाऱ्याचं कौतुक. घाण उचलणाऱ्याचं कोण करतंय.

तिला दाखवलं तर म्हणे, "थोडा गुंता असेल." थोडा! इतके दिवस नुसता वरवर कंगवा फिरवत होती. बोटांत जोर राहिला नाही तर तसं सांगावं माणसाने. पण सांगेल ती ताई कसली!

५ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय म्हणू.

मला वाटलं, गरम पाण्याने सुटेल. पहाटे उठून अंघोळ घातली, शॅम्पू लावून खसाखसा चोळलं, टॉवेलने रगडलं, हेअर ड्रायरने वाळवलं. वाळल्यावर बघते तर त्या जटांचे दगड झालेले! काल निदान दबत तरी होत्या.

ताई दारात उभी. "ओली लोकर चोळली की काय होतं हे मी जन्मभर पोरींना शिकवलं, आणि घरातल्या घोडीला तेवढं कळू नये!" शाळेत शिवणाच्या बाई होती ती. निवृत्त झाली, पण घरात वर्ग चालूच आहे. एकच विद्यार्थिनी. कायम नापास.

दुकानात दिवसभर हाताला ओल्या कुत्र्याचा वास. चष्मा लावून बघायला आलेल्या एका बाईने नाक मुरडलं. तिला सोडून आरशाकडे बघत बसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं. निघताना ताईची आज्ञा: "जटा काढून आण. लांबी कमी करून आणलास तर दोघंही घरात येऊ नका."

पार्लरवाली बाई बुटकी, गप्पिष्ट, दंडावर ओरखडेच ओरखडे. तिने आधी गोंड्याला पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "लांबी मी कुत्रा बघून ठरवत नाही हो. विंचरणाऱ्याचा हात बघून ठरवते." मग सांगितलं. चार बोटं केस ठेवायचे तर रोज अर्धा तास, आणि तेही बट बट वेगळी करून, मुळापासून. कंगवा कातडीला टेकला पाहिजे. दोन बोटं ठेवले तर दिवसाआड. एक बोट ठेवले तर आठवड्यातून एकदा फणी फिरवली तरी भागतं. "लोक फोटो दाखवतात मला, असा करून द्या म्हणून. फोटोतल्या कुत्र्याच्या घरी दोन नोकर असतात! तुमच्या घरी कोण कोण?"

म्हटलं, मी आणि मोठी बहीण.

"मग विंचरतं कोण?"

म्हटलं, "तोंड तिचं. आता इथून पुढे हात माझे."

ती खो खो हसली. मी विनोद केला नव्हता.

मला एक बोटच हवं होतं. त्याच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी. दिवसभर काउंटरपाशी उभं राहून पायांचे खांब होतात, वर रोज अर्धा तास बट बट कोण करणार! पण धाडस झालं नाही. या वयात, केस पांढरे झालेली बाई मी, कुत्र्याचे केस कापायला मोठ्या बहिणीला घाबरले. शेवटी बगला, कानामागे आणि मांड्यांच्या आतून मशीनने साफ काढले, बाकी पाठ-शेपूट होतं तसं चार बोटं. वरून राजा, खालून भिकारी.

बाई बिल घेताना म्हणाली, "महिन्याभरात परत याल तुम्ही."

९ फेब्रुवारी

ताईने त्याला उलटा करून पाहिलं. "कोट चांगला, अस्तर फाटलेलं." एवढंच बोलली. दिवसभर तोंड असं, की मी तिचेच केस कापून आणलेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रोज संध्याकाळी आता हा कार्यक्रम. मी जमिनीवर, गोंड्या माझ्यासमोर, ताई खुर्चीत. उंटावरून शेळ्या हाकणं चालू. "वरून नको. मुळाशी धर. अगं, बट धरून ठेव म्हणजे त्याला ओढ लागत नाही. दुसऱ्या हाताने! तोच हात! छोटे, तुला डावं-उजवं कळतं का?"

छोटे! अजून छोटे!

लांबीचं तर काही विचारूच नये. आई लवकर गेली. तेव्हापासून माझ्या फ्रॉकची लांबी ताईने ठरवली, बाह्यांची ताईने, वेणीची ताईने. इंचाची टेप गळ्यात असायचीच तिच्या. एक माणूस आवडला होता मला, दुकानातच ओळख झालेली. जेवायला बोलावलं. तो गेल्यावर ताई म्हणाली, "खांदे पडलेले आहेत. याच्या अंगावर कुठलाच कोट नीट बसायचा नाही." झालं! मीही खुळ्यासारखी त्याचे खांदेच बघत बसले पुढच्या भेटीत. संपला विषय.

आता कुत्र्याच्या केसांतही तिचंच चालणार. एकदा तरी या घरात माझ्या मनासारखी एक गोष्ट व्हावी. एकच! सोन्याचा महाल मागत नाही मी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई आज एकटीच मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. बोटांचं दाखवायला, म्हणे. मी रजा घेते म्हटलं तर अंगावर आली — "मी काय लहान मूल आहे? रिक्षात बसायला दोन माणसं लागत नाहीत." बरं बाई. जा.

संध्याकाळी विचारलं, काय म्हणाले? "काय म्हणणार, वय झालं." औषध? "दिलंय." कुठलं? "छोटे, तू चष्मे विक."

जेवली नीट नाही. दवाखान्यातून येताना काही खाल्लं असेल. मला बाहेरचं खाऊ नको म्हणून सांगणारी!

२३ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "ताईंची काय कमाल हो, कुत्र्याचे केस किती सुरेख ठेवतात!" मी म्हटलं, हो ना, कमालच आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज व्हायचं ते झालं.

या आठवड्यात दुकानात मालमोजणी. एकेक फ्रेम काढा, पुसा, मोजा, ठेवा. घरी येईपर्यंत मान धरलेली. तीन-चार दिवस गोंड्याला हात लावला नाही. आज लावला तर मानेवर गाठी, छातीवर गाठी, आणि पाठीवरसुद्धा सुरुवात. कंगवा अडकला तसा तो केविलवाणा होऊन माझ्याकडे बघायला लागला. रडूच आलं मला. मी म्हटलं, बस्स. उद्या नेते आणि एक बोट करून आणते.

ताई उठली, कपाटातून टेप काढली आणि चक्क कुत्र्याचं माप घ्यायला लागली! पाठीवर टेप, कानावर टेप. "हे बघ, चार बोटंच आहेत. जास्त नाहीत. विंचरले तर राहतात. एक बोट केलंस तर उंदीर दिसेल. थंडीत काकडेल. ऊन लागेल." म्हटलं, थंडीत स्वेटर घालू, तू शिव. म्हणाली, "आळशी माणसाला कात्रीच आठवते आधी. कापड कापलं की कापलं, परत जोडता येत नाही."

मी म्हटलं, "हे कापड नाही, केस आहेत! वाढतात! आणि विंचरायला तू ये ना खाली बसून. तुझे हात चालत नाहीत, फक्त तोंड चालतं. त्याला दुखतंय ते चालेल, मला दुखतंय ते चालेल, पण लोकांनी तुझ्या कुत्र्याला सुंदर म्हटलं पाहिजे!"

मला वाटलं होतं आता तोंडाचा पट्टा सुटेल. पण तिने टेप गुंडाळली, कपाटात ठेवली आणि खोलीत गेली.

बोलले ते खरंच बोलले. मागे घेणार नाही.

१ मार्च

अबोला. सगळं बोलणं गोंड्यामार्फत. "गोंड्या, दूध उतू जातंय म्हणून सांग तिला." "गोंड्या, तिला म्हणावं दिसतंय मला."

पार्लरला नेलं नाही. राग होता, पण तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि पाय निघाला नाही. भित्री ती भित्रीच मी. त्याच्या गाठी कात्रीच्या टोकाने एकेक चिरून सोडवल्या. बसले, बसले, बसलेच. पाठ मोडली.

५ मार्च, बुधवार

परत दवाखाना. आज तर दिवेलागणीला आली. येऊन जी आडवी झाली ती थेट जेवायलाच उठली. एरवी अवेळी झोपणाऱ्यांना आळशांचा देव म्हणते! मी आले तर घरात चूल थंड, गोंड्या उपाशी, फिरवलेला नाही, दारापाशी केलेलं तसंच. मनात म्हटलं, छान! आराम करा, बाईसाहेब. नोकर आली.

जेवताना आपणहून बोलली. अबोला मोडायला तिने सुरुवात केली, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पण विचारलं काय? "तुला दुपारी मधल्या सुट्टीत घरी येता येतं का गं? मालक सोडतील?" म्हटलं, कशाला? "नाही, सहज." इतकी वर्षं त्या दुकानात उभी आहे मी, आणि हिला आज कुतूहल! म्हटलं, नाही सोडत. तसं खरं तर विचारलं तर सोडतील. पण म्हणजे दुपारीही येऊन तिचा कुत्रा सांभाळायचा का मी?

११ मार्च, मंगळवार

ताईचं नवीन खूळ. संध्याकाळी मी विंचरायला बसले की ती सूचना देत नाही. गप्प बसून बघते. आणि घड्याळाकडे बघते! मी मानेला हात लावला की घड्याळ. मी उठून पाणी प्यायले की घड्याळ. कारखान्यात मुकादम असतो तशी. शेवटी म्हटलं, "काय, पगार कापणार आहेस?" तर म्हणाली, "दमतेस तू."

टोमणाच असणार. आणखी काय!

मग म्हणाली, "शेपूट राहू दे आज." ताई म्हणाली हे! शेपूट तर तिचा जीव की प्राण. मी हट्टाने शेपूटही केलं. म्हणे दमतेस. दमवलं कोणी?

तिची मनगटं बारीक दिसली मला. बांगडी कोपरापर्यंत वर सरकवते आणि ती परत खाली येते. नीट जेवायचं नाही, मग काय होणार. सांगून उपयोग नाही, तिला सांगणारा अजून जन्माला यायचाय.

१५ मार्च, शनिवार

माझा संताप संताप झालाय.

संध्याकाळी दार उघडलं तर समोर एक कुत्रा. क्षणभर वाटलं, शेजारचा कोणाचा आत शिरला. बारीकसा, मोठ्या डोळ्यांचा, टोकदार कानांचा. शेपटीची काडी. मग तो अंगावर आला आणि भुंकला, तेव्हा कळलं, गोंड्या! अंगभर एक बोट. डोक्यावर एक बोट, कानांवर एक बोट, शेपटीवरसुद्धा!

ताई खुर्चीत. "नेलं होतं मी आज." एकटी गेली. रिक्षा करून, त्याला मांडीवर घेऊन. मला न सांगता, मला न विचारता!

"तुझंच म्हणणं होतं ना?" म्हणाली.

माझंच म्हणणं होतं! महिनाभर डोकं फोडून घेत होते मी तेव्हा उंदीर दिसेल, काकडेल, आळशी माणसाला कात्री आठवते, आणि आता स्वतःला वाटलं तर उठून करून आणलं! मी नेलं असतं तर घरात घेतलं नसतं. तिने नेलं तर शहाणपण! मी म्हटलं, "अगं, निदान मला बरोबर न्यायचंस. निदान एवढं तरी म्हणायचंस की छोटे, तुझं बरोबर होतं." तर नुसती हसली. हसू नये तसं हसली. वर म्हणते, "बघ, आठवड्यातून एकदा फणी फिरवायची. रविवारी. विसरू नकोस." परत हुकूम!

आयुष्यात एक गोष्ट माझ्या मनासारखी व्हायला हवी होती. झाली. तीही तिनेच केली. आता माझ्या नावावर काय राहिलं?

गोंड्या मात्र वेडा झालाय. घरभर गरगर पळतो, पाठ घासत लोळतो, कुठेही हात लावा, कळवळत नाही. बगलेत खाजवलं तर डोळे मिटून घेतले. आनंद व्हायला हवा मला. होत नाहीये. जळ्ळा मेला तो आनंद.

१६ मार्च

अबोला. या वेळी माझ्याकडून. ताईने दोनदा "छोटे" म्हणून हाक मारली. ऐकू आलं नाही असं केलं.

१७ मार्च, सोमवार

पार्लरवाली दुकानात आली होती. चष्म्याची काडी सैल झालेली. मी स्क्रू पिळत होते. म्हणाली, "ताई बऱ्या आहेत का आता? परवा माझ्याकडे बसवत नव्हतं त्यांना." मी वर पाहिलं. ती बोलतच होती. "मी नेहमीप्रमाणे विचारलं, विंचरणार कोण? तर म्हणाल्या, धाकटी. आता एकटीच. कॅन्सर सगळीकडे पसरलाय, डॉक्टर दोन-तीन महिने म्हणतात. म्हणाल्या, 'दुकान सांभाळून तिला एकटीला झेपतील तेवढेच ठेवा. शेपटीचेही काढा, ती हट्टाने करत बसते.' मला रडू आवरेना हो, मशीन चालवताना."

"हो, माहीत आहे मला," असं म्हटलं मी. काडी घट्ट करून दिली.

ताई आत पडली आहे, गोंड्या तिच्या पायाशी. मी अजून काही बोललेले नाही. परवा बुधवार, तिचा दवाखाना. मालकांकडून रजा मागून घेतली. ती नको म्हणेल, अंगावर येईल. येऊ दे.